सत्तेचाळीसपैकी दुसरा

स्टुडिओत त्यांना सगळे वहीबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि ते तिथेच राहिलं.

वहीबाईंचं काम नेमकं काय, असं घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं की त्यांच्याआधी त्यांची धाकटी बहीण उत्तर द्यायची. "ताई दिवसभर दुसऱ्यांच्या चुका लिहून ठेवते आणि त्याचा तिला पगार मिळतो. आम्ही सासरी तेच फुकटात केलं."

तसं ते काम खरंच चुकांचं होतं. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी काढतात. माणूस दार उघडून आत येतो तो सोमवारी, आणि समोरच्या खुर्चीत बसतो तो पुढच्या गुरुवारी. मधल्या दिवसांत त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं की उघडं, हातातली सिगरेट किती जळली होती, केस कपाळाच्या कुठल्या बाजूला आले होते, हे कुणीतरी ध्यानात ठेवावं लागतं. वहीबाई तिथे टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. एकदा सेटवर कागद द्यायला गेल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "यांच्या बुटाची नाडी मघाशी सुटलेली होती." सगळे थांबले. कॅमेरामनने खाली वाकून बूट पाहिला आणि म्हणाला, "या पोरीला ऑफिसात कशाला कोंडून ठेवलंय?" दुसऱ्या दिवशीपासून दिग्दर्शकाच्या खुर्चीशेजारी त्यांचं स्टूल पडलं. ते तेवीस वर्षं हललं नाही.

त्या दोन ठिकाणी लिहीत. मांडीवरची कच्ची वही पेन्सिलने लिहिलेली असे. तिच्यात सगळं: कितवा टेक, कसा झाला, कोणता छापायला पाठवायचा, कोणाच्या कुठे काय. संध्याकाळी त्यातूनच शाईने दिवसाचा अहवाल तयार व्हायचा, खाली सही व्हायची आणि तो निर्मात्याच्या ऑफिसात जायचा. अहवालाचं अक्षर असं की बघत राहावं. वहीतलं त्यांचं त्यांनाच लागे. कंपनी बंद पडली तेव्हा अहवाल फायलींबरोबर गेले. वह्या कुणी मागितल्या नाहीत म्हणून घरी आल्या, शिवणाच्या मशिनीशेजारच्या कपाटात.

वहीबाईंची एक खूण होती, ती त्यांनीच शोधलेली. पडद्यावर जखम दिसायची असली की ती रंगवलेली असते, तिच्यापुढे त्या 'रं' लिहीत. पण कधी नटाला खरंच लागतं. खरी जखम दुसऱ्या दिवशी रंग बदलते, निळी होते, हिरवी पडते, आणि सिनेमात मात्र दोन मिनिटंच गेलेली असतात. मग रंगभूषाकाराला ती झाकून वर कालची जखम काढावी लागते. म्हणून खऱ्या जखमेपुढे त्या 'ख' लिहीत. वर्षभरात असे 'ख' पाच-सहा व्हायचे.

तळघराच्या सिनेमाच्या वहीत ते चौतीस झाले.

हा सिनेमा आता भयपटांत फार मोठा मानतात. घरात एकटी राहिलेली तरुण बाई, तळघरात हळूहळू चढणारं पाणी, आणि त्या पाण्यात तिच्याशिवाय आणखी कुणीतरी. गोष्ट एवढीच. दिग्दर्शकाला सगळे साहेब म्हणत. नटी बावीस वर्षांची, पहिलाच सिनेमा. पहिल्या दिवशी कुणीतरी "नवी आली का?" असं ओरडलं आणि ती शेवटपर्यंत नवीच राहिली.

तळघर म्हणजे स्टुडिओच्या मागच्या शेडमधली लोखंडी टाकी, आतून भिंती रंगवलेली. पाणी कोमट राहावं म्हणून बॉयलरचा पाइप जोडला होता. साहेबांनी पहिल्याच दिवशी तो बंद करायला लावला. "मला तिच्याकडून थंडीचा अभिनय नको, थंडी हवीय," ते म्हणाले, आणि दोघं-तिघं हसले. मग त्यांनी सगळ्यांना गोळा करून आणखी एक गोष्ट सांगितली. नवीशी कामापलीकडे कुणी बोलायचं नाही. चहाला हाक मारायची नाही, कसं झालं ते सांगायचं नाही. "सिनेमात ती एकटी आहे. इथेही एकटी राहू द्या."

माणसं वाईट नव्हती. रंगभूषाकार तिच्यासाठी गरम टॉवेल ठेवायचा, पण हातात न देता खुर्चीवर टाकून निघून जायचा. वहीबाईंना तर तिच्याजवळ जाणं भागच होतं. त्या तिचा ओला झगा खांद्यावरून बाजूला करून बघत, वण बोटांनी मापत आणि लिहीत: डावा खांदा, तीन बोटं, ख. ओठ निळे, ख. नवी त्यांच्या तोंडाकडे बघत राही. वहीबाई वहीकडे बघत.

नववा दिवस त्या पाण्याच्या प्रसंगाचा. पाणी छातीपर्यंत, नवी भिंतीला पाठ लावून उभी, आणि पाण्याखालून तिचा पाय कुणीतरी धरतं. किंचाळायचं नाही. नुसतं कळायचं की धरलं. पहिल्या टेकला दिवा हलला. दुसऱ्या टेकला असं काही झालं, की साहेबांच्या शेजारी बसलेल्या वहीबाईंचा स्वतःचा पाय जमिनीवरून वर उचलला गेला. साहेब त्यांच्याकडे वाकून हलकेच म्हणाले, "दुसरा. छापा." वहीबाईंनी दोनाच्या आकड्याभोवती गोल काढला.

मग साहेब मोठ्याने ओरडले, "पुन्हा!"

वहीबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. झाली नव्हती. नवव्या टेकनंतर साहेब कॅमेरामनला म्हणाले, "फिल्म काढून घे, उगाच वाया जाईल. नुसता चालू ठेव." कॅमेरामन म्हणाला, "मग हे कशासाठी?" साहेब म्हणाले, "उद्याच्यासाठी. उद्या मला तिचा जो चेहरा लागणार आहे, तो आज तयार होतोय."

दहाव्या टेकपासून कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत, सत्तेचाळीस वेळा. मधे पाण्यातून वर येऊन टॉवेलात गुंडाळलेली नवी विचारायची, "ठीक होतं का? माझं काय चुकतंय?" हे ती साहेबांना विचारत नसे, त्यांना ती घाबरायची. वहीबाईंना विचारायची. आणि वहीबाई तिच्या केसांची बट कानामागे होती की पुढे, ते लिहीत राहिल्या.

संध्याकाळी अहवाल करताना 'टेकची संख्या' या रकान्यात त्यांनी सत्तेचाळीस लिहिलं. शेजारी 'कारण' असा रकाना होता. साहेब कोट चढवत म्हणाले, "लिहा, अभिनेत्रीला जमत नव्हतं." वहीबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ते बाही सारखी करत होते. वहीबाईंनी लिहिलं, खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसल्या.

अहवाल निर्मात्याकडे गेला. तिथून ती गोष्ट बाहेर फुटली आणि सिनेमा लागायच्या आधीच नवीला दुसरं नाव पडलं: सत्तेचाळीस. "त्या सत्तेचाळीसला घेताय? मग जेवणाचे डबे दोन वेळचे आणा." असे विनोद चालायचे. सिनेमा धो धो चालला. लोकांनी तिच्या चेहऱ्याची तारीफ केली, तीही अशी, की या दगडातून साहेबांनी मूर्ती काढली. तिला पुढे दोन बारक्या भूमिका मिळाल्या आणि मग काही नाही. साहेबांनी आणखी अकरा सिनेमे काढले आणि सन्मानाने वारले. वहीबाई निवृत्त झाल्या. त्यांची वही कधी चुकत नाही, असं निरोपाच्या भाषणात तिघांनी सांगितलं.

फोन आला तेव्हा वहीबाई बहात्तर वर्षांच्या होत्या आणि धाकटीबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहत होत्या. धाकटीचे यजमान गेल्यापासून दोघी एकत्र. फोनवर चित्रपट संग्रहालयातली एक मुलगी होती. तळघराच्या सिनेमाची जुनी रिळं सापडली होती आणि ती साफ करून सिनेमा पुन्हा दाखवायचा होता. पण तुकड्यांचा क्रम लागत नव्हता. "तुमच्या वह्या असतील तर फार मदत होईल, मॅडम. आणि कंपनीच्या फायलींत तुमचे अहवाल मिळालेत. काय सुंदर अक्षर आहे हो! त्या सत्तेचाळीस टेकच्या पानाचा आम्ही मोठा फलक करतोय, प्रवेशद्वाराशीच. दिग्दर्शकाची चिकाटी म्हणून."

वहीबाई म्हणाल्या, "बघते." फोन ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"कोण मेलं?" धाकटीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुणी नाही."

"मग चेहरा असा का?"

वहीबाईंनी कपाटातून वही काढली आणि नवव्या दिवसाचं पान बहिणीपुढे धरलं. अक्षर लागेना, म्हणून वाचून दाखवलं. दोनाभोवतीचा गोल. दहापासून पुढे प्रत्येक ओळीच्या शेवटी: फिल्म नाही. फिल्म नाही. फिल्म नाही. मग अहवालात काय लिहिलं तेही सांगितलं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

धाकटीने हात पुढे करून वही मिटली. मग म्हणाली, "देऊ नकोस. सापडत नाही म्हण. साहेब गेले, कॅमेरामन गेला, निर्माता गेला. उरलीस तू एकटी, आणि सही तुझी. सगळं तुझ्याच गळ्यात येईल."

"अक्षर माझं आहे."

"तेच म्हणतेय मी."

"तेच मीही म्हणतेय," वहीबाई म्हणाल्या.

नवी कुठे असते, हे त्यांना माहीत होतं. जुन्या रंगभूषाकाराने कधीतरी सांगितलं होतं. दोन बस बदलून जायचं, बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, चष्म्याचं दुकान. दुकान भावाचं, पण गिऱ्हाइकाच्या नाका-कानावर चष्मा बसवून द्यायचं काम तिचं. आजवर वहीबाई त्या रस्त्याने कधी गेल्या नव्हत्या. चष्मा मोडला तरी दुसरीकडून करून आणला होता.

सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. काउंटरमागे त्रेसष्ट वर्षांची बारीक बाई, करडे केस, गळ्यात चष्म्याची दोरी. वहीबाई ठरवून आणलेलं पहिलं वाक्य बोलणार, तोच तिने वर पाहिलं.

"वहीबाई," ती म्हणाली. जणू परवाच भेटल्या होत्या. "बसा. तुमचा चष्मा वाकडा बसलाय. एक काडी वर आहे."

"मी त्यासाठी नाही आले."

"ते असू दे. वाकड्या चष्म्याशी मला बोलता येत नाही." तिने हात पुढे करून तो त्यांच्या नाकावरून काढलाच आणि छोट्या भट्टीच्या गरम वाळूत काडी धरली.

चष्म्याशिवाय वहीबाईंना पुढचं सगळं धूसर. त्यांनी पिशवीतून वही काढली, पान उघडून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मला आता वाचता येणार नाही. तुम्हीच वाचा. गोल आहे तो छापलेला टेक. सिनेमात तोच आहे."

नवी एकेक अक्षर लावत वाचत होती. काडी वाळूत जरा जास्तच राहिली, मग तिने ती झटकन बाहेर काढली.

"दुसरा?"

"दुसरा."

"आणि हे 'फिल्म नाही' म्हणजे?"

"कॅमेरा रिकामा होता. दहाव्यापासून."

तेवढ्यात एक गृहस्थ आले. त्यांना चष्म्याची डबी हवी होती, काळी, नाहीतर तपकिरी. नवीने दोन्ही दाखवल्या, बटण नीट लागतं की नाही ते उघडमीट करून दाखवलं, उरलेली नाणी मोजून हातावर ठेवली. ते गेले. ती परत येऊन त्याच जागी उभी राहिली.

"मी तो सिनेमा कधीच पाहिला नाही," ती म्हणाली. "वाटायचं, सत्तेचाळीस वेळा करून जे कसंबसं जमलं, ते काय बघायचं. नंतर चार वर्षं मी कामं मागत फिरले. कुणी म्हणालं, 'जरा करून दाखवा,' की माझे दात वाजायला लागायचे. भर उन्हाळ्यात. मी स्वतःला म्हणायचे, तुझ्यात काही नाही, सोड. आणि सोडलं." तिने वहीवर हात ठेवला. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो. चार वेळा."

"पाच."

वहीबाईंनी सवयीने वहीकडे हात नेला.

"त्यात नसणार ते," नवी म्हणाली. "त्यात माझे केससुद्धा आहेत. मी विचारलेलं नाही."

वहीबाईंनी हात मागे घेतला. मग फलकाचं सांगितलं. संग्रहालयाने वही मागितली आहे, पान दारात लागणार आहे. "तुम्ही म्हणाल तसं करते. वही देऊ की नको, तुम्ही सांगा."

नवी हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "वा! म्हणजे मी नको म्हटलं की तुम्ही सुटलात. आणि दे म्हटलं, तर माझ्या सांगण्यावरून दिलीत. नाही, वहीबाई. त्या दिवशी साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिलंत, आता मी सांगते म्हणून खोडणार का? अक्षर तुमचं आहे. तुमचं तुम्ही बघा."

तिने चष्मा फडक्याने पुसला, त्यांच्या नाकावर ठेवला, दोन्ही कानांमागे बोटं फिरवून पाहिली. नीट बसला होता. तिचा चेहरा आता स्पष्ट दिसत होता, आणि वहीबाईंना वाटलं, तो धूसर होता तेच बरं होतं.

"किती झाले?"

"काही नाही. काडीच सरळ केली." मग वहीबाई दारापाशी पोचल्यावर मागून म्हणाली, "हे अक्षर तिथे कुणाला लागणार नाही, तुम्हालाच वाचावं लागेल. वाचणार असाल तर दिवस कळवा. दुकान बंद ठेवून येईन."

घरी जाताना पहिल्या बसमध्ये वहीबाईंनी काहीच ठरवलं नाही. दुसऱ्या बसची वाट बघत असताना ठरलं. घरात शिरून त्यांनी चपला काढायच्या आधी संग्रहालयाला फोन लावून वाचायचा दिवस ठरवला, आणि तो चष्म्याच्या दुकानात कळवला. धाकटी कपाळाला हात लावून बसली, आणि त्या दिवशी बाहेर जाताना घालायचे कपडे मात्र तिनेच इस्त्री करून ठेवले.

संग्रहालयाच्या खोलीत लांब टेबल होतं, त्यावर आवाज टिपायचं यंत्र. फोनवाली मुलगी, संग्रहालयाचे मुख्य, वहीबाई. दाराशेजारच्या खुर्चीत नवी, पिशवी मांडीवर घेऊन, बोलावल्याशिवाय जवळ न येणाऱ्या माणसासारखी. मुख्यांना ती कोण ते सांगितल्यावर ते उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि पुन्हा बसले.

वहीबाई पहिल्या दिवसापासून वाचायला लागल्या. शॉटचा आकडा, टेक, वेळ, 'रं', 'ख'. मुलगी आधी रिळांच्या यादीवर भराभर खुणा करत होती. पाचव्या दिवसाशी तिने पेन खाली ठेवलं.

"मॅडम, हे 'ख' सारखं सारखं येतंय..."

"ख म्हणजे खरी जखम," वहीबाईंनी सांगितलं.

"डावा खांदा, तीन बोटं," वहीबाई पुढे वाचू लागल्या.

"उजवा होता," दाराकडून आवाज आला.

वहीबाईंनी पान जवळ धरलं. "डावाच. उजवा सातव्या दिवशी."

नवीने क्षणभर आठवून पाहिलं. "असेल. तुमची वही चुकत नाही."

पानं उलटत गेली. वहीबाई नवव्या दिवसाला आल्या. दोनाभोवतीचा गोल वाचला. मग सगळे सत्तेचाळीस, एकही ओळ न गाळता. दहाव्यापासून प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन शब्द येत होते आणि त्या ते प्रत्येक वेळी म्हणत होत्या, घाई न करता. तिसाव्याच्या आसपास त्यांचा आवाज बसला. मुलीने पाणी पुढे केलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

संपल्यावर मुख्यांनी घसा साफ केला. "बाई, आम्हाला मुख्यतः क्रम हवा होता. तो मिळाला. फलकाचं पान आम्ही हवं तर बदलू, दुसरं एखादं लावू. आता या वयात तुमच्या सहीवरून चर्चा व्हावी असं आम्हाला वाटत नाही. तुमच्याबद्दल सगळ्यांना आदर आहे."

हे बोलणं मऊ होतं, आणि त्यात बसून राहिलं असतं तर कुणी उठवलं नसतं. वहीबाईंनी समोरचा अहवाल ओढून घेतला, आपलंच सुबक अक्षर पाहिलं.

"बदलू नका," त्या म्हणाल्या. "हे लावा आणि शेजारी वहीचं पान लावा. दोन्हीखाली एकाच बाईचं नाव घाला. नाव पगाराच्या यादीत मिळेल."

मुलीने यंत्र थोडं पुढे सरकवलं. "म्हणजे अहवालातलं कारण खोटं आहे? ते दिग्दर्शकांनी लिहायला लावलं?"

"सांगितलं त्यांनी," वहीबाई म्हणाल्या. "लिहिलं मी. ही विचारत होती तेव्हा गप्पही मीच बसले. ते कशातच लिहिलेलं नाही, म्हणून आता सांगते. पाच वेळा विचारलं होतं तिने."

यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता. दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नवी उठून टेबलापाशी आली, वहीबाईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि पिशवी खाली ठेवली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. वहीच्या पानावर वाकून, अक्षर लावायचा प्रयत्न करत म्हणाली,

"दहावा दिवस वाचा पुढे."